आठ बिऱ्हाडांचं परस

इंदूवहिनी गेल्याचा निरोप ऑफिसात आला. आमच्या सेक्शनमध्ये टेलिफोन एकच, तोही साहेबांच्या टेबलावर. साहेबांनी रिसिव्हर माझ्याकडे देताना खुर्ची मागे सरकवून दिली, त्यावरूनच काय ते समजलं. पलीकडून विद्या बोलत होती, वहिनींची मुलगी. “काकी, आई गेली. तुम्ही या.” एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. काविळीचं निमित्त झालं होतं. आदल्या आठवड्यात मी हॉस्पिटलात भेटून आले तेव्हा त्या खाटेवर उठून बसल्या होत्या, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला अळूची पानं खाजू नयेत म्हणून काय करायचं ते सांगत होत्या. डोळे पिवळे झाले होते, पण आवाज नेहमीचा. बऱ्या होऊन येतील असंच वाटलं होतं मला... सगळ्यांनाच वाटलं होतं.

इंदूवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या पत्नी, माझ्या जाऊबाई. आमचं दोघींचं फार सख्य होतं असं म्हणणं खरं होणार नाही. मी दादरमध्ये वाढलेली, नोकरी करणारी, लग्न होईपर्यंत भाजी ही मंडईत असते एवढंच जाणणारी. त्या कुडाळकडच्या खेड्यातून लग्न होऊन मुंबईत आलेल्या आणि मुंबईत राहूनही मालवणी सोडून दुसरं काही फारसं न बोलणाऱ्या. पाच-सहा वर्षं आम्ही मुलुंडला एकाच चाळीत, भिंतीला भिंत लावून राहिलो. त्यांच्या घरातली फोडणी आमच्या घरात समजायची. एवढ्या जवळून पाहिलेलं माणूस गेल्यावर काय लिहावं हे पटकन सुचत नाही. म्हणून जे घडलं ते जसं आठवतं तसं लिहिते आहे.

चाळ बैठी होती, कौलारू, आठ बिऱ्हाडांची. डोंगराच्या बाजूला, स्टेशनपासून बरीच लांब. पुढे ओटा आणि रस्ता, मागे प्रत्येकाच्या स्वयंपाकघराचं दार, आणि त्या दारांपलीकडे एका बंद पडलेल्या कारखान्याच्या कंपाउंडपर्यंत पसरलेली मोकळी जागा. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या जागेत फुटकी कौलं, विटांचे तुकडे, गंजलेले पत्रे आणि गवत होतं. संध्याकाळनंतर तिकडे कोणी जात नसे, कारण एकदा साप निघाला होता. वहिनींनी आपल्या दारासमोरचा तेवढा तुकडा साफ करून तिथे अळू लावलं होतं, त्याच्या बाजूला मिरच्यांची रोपं आणि पावसाळ्यात दोन-चार वेल. गावची सवय आहे, करतात काहीतरी, असं आम्ही सगळे समजत होतो. चाळीतल्या बायका अळूमुळे डास होतात म्हणून कुरकुरायच्या आणि संध्याकाळी फदफद्याला तेच अळू मागायला यायच्या. वहिनी देत असत. त्यावरून कधी बोलून दाखवल्याचं मला आठवत नाही.

मग गिरणीचा संप सुरू झाला. भाऊजी, म्हणजे माझे दीर, परळच्या एका गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. पहिले काही आठवडे ते सकाळी उठून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे. सभा असायच्या, मोर्चे असायचे. परत आल्यावर ओट्यावर बसून मोठ्याने बोलायचे, हसायचेसुद्धा. पावसाळ्यापर्यंत हसणं थांबलं, गणपतीनंतर बोलणं. मी आणि आमचे हे दोघेही पगारदार, पोरबाळ अजून नव्हतं. आम्हाला मदत करायची होती आणि ती कशी करावी हे समजत नव्हतं. एकदा मी आमच्या रेशनचे तांदूळ पिशवीत भरून त्यांच्याकडे नेऊन ठेवले. वहिनींनी पिशवी घेतली, “बरा झाला” म्हणाल्या. त्याच संध्याकाळी आमच्या दारात चवळीच्या शेंगांची जुडी, चार काकड्या आणि एक लहान भोपळा येऊन पडला. पुढच्या वेळी मी डाळ दिली, तेव्हा पडवळ आलं. कधीतरी मी म्हटलं, “वहिनी, हे असं लगेच परत द्यायचं असेल तर मी कशाला आणून देऊ?” त्यावर त्या म्हणाल्या, “मगे नको देव. माझी भाजी तरी न्हेवक ये.” त्यांनी हे रागाने म्हटलं नाही, हसूनही नाही.

त्याच सुमारास त्या सगळं परस खणायला लागल्या होत्या. आपल्या दारासमोरचंच नव्हे, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. विटा एका बाजूला रचल्या, पत्र्यांचं कुंपण केलं, गवत जाळून राख मातीत मिसळली. वरच्या रस्त्याला एक तबेला होता, तिथून शेणाच्या पाट्या डोक्यावरून आणल्या. मला ते बघवत नसे, म्हणजे दयेने नव्हे, वास फार यायचा. चाळीत कोणी आडकाठी केली नाही. ती जागा तोपर्यंत कोणालाच नको होती. वाल, दोडका, दुधी, लाल माठ, मुळा, भेंडी, वांगी, हळद, भिंतीकडेला शेवगा आणि केळी... पुढच्या पावसाळ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं की समोर मांडव दिसायचा. बाजारातून त्या मीठ, तेल, तांदूळ आणि थोडी डाळ आणत. बाकी जे ताटात पडायचं ते परसातलं.

भाऊजींना हे आवडत नव्हतं. बायको दिवसभर मातीत आणि आपण ओट्यावर, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती. पण ते खुरपं हातात घेत नसत. एका दुपारी त्यांच्यातलं बोलणं मला भिंतीतून ऐकू आलं. मुद्दाम ऐकलं नाही, त्या भिंती तशाच होत्या.

“हंय बसान काय करतलंय?” भाऊजी म्हणत होते. “गावाक जावया. थंय निदान भात तरी पिकवतलंव.”

“थंय जमीन तुमच्या चुलत्यांच्या हातात,” वहिनी म्हणाल्या. “ते तुमका देतले?”

“माझो वाटो आसा थंय.”

“आसा तर जावा, बघा. पोरगी हंय शाळेत जाता. मी येवचंय नाय.”

 त्या आठवड्यात भाऊजी एसटीने गावी गेले. चाळीतले बरेच संपवाले गेले होते, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. बाईमाणूस मागे राहिलं याचं मात्र वाटलं. पलीकडच्या बिऱ्हाडातल्या एका बाईंनी मला विचारलंही, “भांडण झालं का गं दोघांचं?” मी नाही म्हटलं. खरं तर मला माहीत नव्हतं.

पुढचं वर्षभर वहिनी आणि विद्या दोघीच राहिल्या. त्या वर्षाबद्दल आता चाळीतले लोक फार कौतुकाने बोलतात. बाराव्याला आलेल्या पाहुण्यांनाही ते ऐकवलं गेलं. मी जे पाहिलं ते इतकं गोड नव्हतं. घुशींनी एका रात्रीत मुळ्यांचा अख्खा वाफा उकरून टाकला होता. पपई पिकायला आली की कंपाउंडवरून कोणीतरी उतरून न्यायचं. मार्च-एप्रिलमध्ये नळाला पाणी थोडं यायचं आणि त्या धुण्याचं, भांड्यांचं, आंघोळीचं, तांदूळ धुतल्याचंसुद्धा पाणी बादल्यांत साठवून झाडांना घालायच्या. तरी वेल वाळायचेच. तेव्हा ताटात रोज लाल माठ. विद्या तेव्हा नववीत होती. एकदा तिने ताट बाजूला सारलं, “आई, आज पण माठच?” वहिनी म्हणाल्या, “उद्या नाय.” दुसऱ्या दिवशी त्यांनी माठाच्या देठांची आमटी केली. विद्या चिडली, मग हसायला लागली, मग दोघी हसल्या. मी माझ्या दारातून पाहत होते. त्या वर्षात वहिनींना मी तेवढंच हसताना पाहिलं.

मासळीचंही त्यांनी जमवलं होतं. खाडीकडच्या गावातून नर्मदाबाई नावाची कोळीण टोपली घेऊन यायची. तिला वहिनींच्या शेवग्याच्या शेंगा फार आवडायच्या. टोपली ओट्यावर उतरवून ती हाक मारायची, “काय गो बाय, हायेत काय शेंगा? मांदेली हानलीत बघ.” शेंगांच्या बदल्यात मांदेली, नाहीतर बोंबील. वजन कोणी करत नसे. दोघींचं नजरेनेच ठरायचं. चाळीतल्यांनी वहिनींना सांगून पाहिलं, की एवढं पिकतंय तर नाक्यावर टोपली घेऊन बसा, चार पैसे येतील. त्यांनी ते ऐकलं नाही. “विकूक लागलंय तर पोरीच्या ताटात काय वाढू?” असं म्हणाल्या. मला तेव्हा हा हट्ट वाटला. चार पैसे हाताशी असते तर बरंच झालं असतं असं अजूनही वाटतं. पण भाऊजी घरात नसताना त्यांनी स्वतःपुरती एक रेघ आखून घेतली होती, आणि ती त्या ओलांडत नव्हत्या.

भाऊजी परत आले ते पुढच्या दिवाळीच्या आधी. काळवंडलेले, गालफडं आत गेलेली. चुलत्यांनी राहायला पडवी दिली होती, जमीन नाही. वर्षभर ते दुसऱ्यांच्या शेतात राबले आणि जेवण तेवढं मिळवलं. हे नंतर समजलं, थोडं थोडं करून. त्या दिवशी ते पिशवी घेऊन चाळीत शिरले तेव्हा मी पाणी भरत होते. ते पुढच्या दाराने आत गेले, घरातून सरळ मागच्या दाराशी आले आणि तिथेच उभे राहिले. समोर वालाचा मांडव होता, भिंतीवर दुधी लोंबत होते. वहिनी मातीत बसलेल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं.

“हात पाय धुवा,” त्या म्हणाल्या. “जेवण आसा.”

भाऊजी जेवायला बसले. दुधीची भाजी होती. दोन घास खाऊन त्यांनी विचारलं, “ही हंयची?” वहिनींनी मान हलवली. भाऊजींनी ताट चाटूनपुसून साफ केलं आणि ते स्वतः उठून घासायला नेलं. आमच्या सासरच्या घरात पुरुषाने ताट उचललेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांची गिरणी परत धड चालू झालीच नाही. काही महिन्यांनी त्यांना स्टेशनजवळच्या एका नव्या सोसायटीत वॉचमनची नोकरी लागली, आणि घरात पुन्हा पगार यायला लागला.

मला वाटलं होतं, आता वहिनी परस आवरतं घेतील. तसं काही झालं नाही. गरज भागली तरी त्यांचं बाजारातून भाजी न आणणं चालूच राहिलं. संकट आलं ते निराळ्याच बाजूने. मुलुंडमध्ये तेव्हा जागांना भाव यायला लागला होता, जिकडेतिकडे खड्डे आणि सळया. चाळमालकाच्या लक्षात आलं की चाळीच्या मागे आपली बरीच जागा पडून आहे. त्याचा माणूस आला, परसात फिरला, पावलांनी मापं घेतली आणि ओट्यावर बसून म्हणाला, “मालकांना मागे खोल्या बांधायच्यात. भाडेकरूंची मागची दारं बंद होतील, पण काय करणार? तसंही एकट्या बाईनेच सगळी जागा अडवलीय.”

त्या वाक्याने काम केलं. संध्याकाळी ओट्यावर चाळीतले सगळे जमले. मागे खोल्या झाल्या तर उजेड जाणार, वारा जाणार, हे सगळ्यांना समजत होतं. पण बोलणं फिरून फिरून तिथेच येत होतं. कोणी म्हणालं, “बाग त्यांची, भांडायचं आम्ही का?” कोणी म्हणालं, “आम्हाला कुठे एक वाफा दिला त्यांनी?” इतकी वर्षं त्या बागेतलं खाल्लेलीच माणसं ही. आमचे हे तावातावाने वहिनींच्या बाजूने बोलत होते. भाऊजी खाली मान घालून बसले होते. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. लोक उठून गेले तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागचं दार उघडलं तर वहिनी काथ्याची दोरी घेऊन परसात होत्या. दाराच्या रेषेत खुंटी ठोकायची, तिथून भिंतीपर्यंत दोरी ताणायची. माझ्या दारासमोरून एक, पुढच्या दारासमोरून दुसरी. आठ बिऱ्हाडांचे आठ पट्टे. उभं पीक होतं. वालाचा मांडव दोघांत गेला, केळी शेवटच्या बिऱ्हाडाकडे गेल्या, आणि दुधीचा वेल, ज्याला त्या हंगामात सर्वांत जास्त फळं धरली होती, तो शेजारच्या बाईंच्या वाट्याला गेला. आमचे हे दात घासता घासता बाहेर आले. “वहिनी, वेड लागलंय का तुम्हाला? तुम्ही घाम गाळला, यांनी काय केलं?”

दोरीची गाठ मारत त्या म्हणाल्या, “एकटीची बाग मालक मोडतलो. आठ जणांची कोण मोडतलो?”

“अहो, पण तो दुधी तरी...”

“वेल ज्येच्या वाट्याक इलो तेचो,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या खुंटीकडे गेल्या.

मग त्यांनी एकेक दार ठोठावलं आणि प्रत्येक बाईला बाहेर बोलावून तिचा पट्टा दाखवला. कोणी संकोचलं, कोणी लगेच पदर खोचून आत शिरलं. दोन-चार दिवसांनी मालकाचा माणूस दोन गवंडी घेऊन आला, तेव्हा आठ बायका आपापल्या पट्ट्यात उभ्या होत्या. मीही होते, ऑफिसला दांडी मारून, वांग्यांच्या रोपांमध्ये. काय बोलायचं ते माहीत नव्हतं. बोलायची गरजही पडली नाही. आदल्या आठवड्यात ‘भांडायचं आम्ही का’ म्हणणाऱ्या बाईच सर्वांत पुढे होत्या आणि बाकीच्यांचं त्यांनीच बोलून घेतलं. “माझ्या केळींना हात लावून दाखव,” असं त्या गवंड्याला म्हणाल्या. केळी त्यांच्या होऊन आठवडाही झाला नव्हता. मालकाने पुढे नोटिसा धाडल्या, वकिलाची भीती घातली, आणि वर्षभराने तो विषय सोडून दिला. का सोडला ते आम्हाला समजलं नाही. खोल्या झाल्या नाहीत, एवढं खरं.

परस वाचलं, बाग मात्र राहिली नाही. हे सांगायला हवं, कारण बाराव्याला ते कोणी सांगितलं नाही. एका पट्ट्यात कपडे धुवायचा दगड आला. एकात फरशी टाकून स्कूटर उभी राहिली. एकात गुलाब आणि तुळस. दोघीतिघींनी भाजी लावली, त्यातली एक टिकली. केळीवाल्या बाईंनी केळी नीट सांभाळल्या. माझा पट्टा वहिनीच बघायच्या, कारण मला वेळ नव्हता आणि हातही नव्हता. एवढ्या तुकड्यांत घराचं भागणं शक्य नव्हतं. एका रविवारी मी मंडईत गेले असताना मला वहिनी दिसल्या, हातात कापडी पिशवी, भेंडीच्या ढिगासमोर. त्यांनी भेंडी उचलली, टोक मोडून पाहिलं, परत ठेवली. पुन्हा एक उचलली. भाजीवाला म्हणाला, “मावशी, लेना है तो लो ना.” त्यांनी अर्धा किलो घेतली आणि पिशवीत टाकली.

घरी येताना मी विचारलं, “वाईट वाटतं का हो वहिनी, सगळं वाटून टाकलंत त्याचं?”

त्या थोडं चालल्या. मग म्हणाल्या, “वाटला. वाटून दिलय तेव्हा नाय. तिणा दुदीचो वेल मुळापासून कापल्यान तेव्हा वाटला. दुदी आवडत नाय म्हणान कापल्यान... माका सांगल्यान असता तर?” नंतर लगेच ऊन फार आहे वगैरे काही बोलल्या. त्या बाईंशी त्यांचं बोलणं मात्र कधी थांबलं नाही. त्या बाईंच्या मुलीच्या लग्नात अळूवड्या वहिनींनीच वळल्या.

पुढे आम्ही बोरिवलीला फ्लॅट घेतला, तिसऱ्या मजल्यावर. जाणं-येणं गणपतीपुरतं उरलं. विद्या शिकली, टेलिफोन खात्यात लागली. मधल्या काळात वहिनींबद्दल मी फारसा विचार केला नाही. त्या आहेत, आणि मुलुंडला आहेत, एवढं पुरेसं होतं.

बाराव्याच्या आदल्या दिवशी मी चाळीत मुक्कामाला गेले. सकाळी भात लावायचा म्हणून तांदूळ धुतले आणि पातेलं मोरीत कलतं करणार, तोच विद्याने माझा हात धरला. “काकी, मोरीत नको.” तिने पातेलं घेतलं आणि मागच्या दाराने बाहेर गेली. मी दारात जाऊन उभी राहिले. आठही दारं उघडी होती. जिकडेतिकडे भाताची वेळ झालेली. बायका हातात पातेली घेऊन बाहेर येत होत्या आणि तांदळाचं धुवण कशाच्या ना कशाच्या मुळाशी ओतत होत्या. गुलाबाला, केळीला, तुळशीला. स्कूटरवाल्यांची सून तर फरशी ओलांडून शेजारच्या पट्ट्यात गेली आणि तिथल्या मिरचीला घालून आली.  त्यात वहिनींची आठवण वगैरे काढणारं कोणी नव्हतं, हे आपल्याला कोणी शिकवलं तेही त्या बायकांना बहुधा आठवत नसावं. दोन मिनिटांत सगळ्या आत गेल्या.

बोरिवलीला परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी तांदूळ धुतले आणि पातेलं हातात घेऊन सिंकसमोर उभी राहिले. आमच्या घरात एक कुंडीही नाही. मग चपला घातल्या, तीन जिने उतरले. गेटजवळ सोसायटीने लावलेलं अशोकाचं एक किरकोळ झाड आहे. मी त्याच्यापाशी वाकले तसा वॉचमन स्टुलावरून उठला. “क्या हुआ बहनजी, ऊपर पानी नहीं आ रहा?”

“आ रहा है,” मी म्हटलं आणि पातेलं उपडं केलं.